सोमवारचं वजन

दोन हजार चार साल होतं आणि मला एकोणसाठावं लागलं होतं. वय मुद्दाम सांगतो. पोरवयात चूक केली तर लोक म्हणतात, शिकेल. एकोणसाठाव्या वर्षी केली तर कुणी तसं म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

माझं शिक्षण चौथी. हडपसरला गाडीतळाजवळ तीस वर्षं माझं सायकलचं दुकान होतं. कारखान्याची पाळी सुटली की दारात सायकलींची रांग लागायची, आणि मी हात लावलेलं चाक कधी वाकडं फिरलं नाही. मग लोकांना हप्त्यावर मोटारसायकली मिळायला लागल्या. कारखाने मागे पडले, काचेच्या इमारती आल्या, आणि माझ्याकडे हवा भरायला शाळेतली मुलं तेवढी उरली. दोन हजार दोनला जागामालकाला तिथे मोबाईलचं दुकान पाहिजे होतं. मी त्याची विनवणी केली नाही. पाने, पक्कड, पंप गोळा केले आणि शटर ओढलं.

शटर ओढण्याच्या महिनाभर आधी बाई आल्या होत्या. बाई म्हणजे शहरातल्या एका वैद्यकीय कॉलेजातल्या डॉक्टर. चाळिशीच्या, अंगाने काटकुळ्या, बोलायला तिखट.

"सायकल दुरुस्त करता ना?"

"सायकल असली तर करतो."

"एका जागी उभी असते. पुढे जात नाही."

"मग तिला सायकल कशाला म्हणता? खुर्ची म्हणा."

"खुर्चीवर घाम येत नाही," बाई म्हणाल्या. "येताय का बघायला, की इथूनच सल्ला देणार?"

गेलो. कॉलेजच्या इस्पितळात तळमजल्यावर एक खोली, खोलीत परदेशी यंत्र. पुढे एक जड चाक, चाकावरून पट्टा, आणि पट्टा आवळायला स्क्रू. पट्टा जितका आवळाल तितका पायांना भार. माणूस पॅडल मारतो, त्याच्या छातीला तारा चिकटवलेल्या असतात आणि बाजूच्या यंत्रातून कागदाची पट्टी सरकत येते. तिच्यावर हृदयाची रेघ. बाई टप्प्याटप्प्याने भार वाढवायला लावायच्या आणि रेघ वाचायच्या. त्यांचं सगळं संशोधन या एका खोलीत चालायचं. धडधाकट माणूस खाटेवर पडला असेल तर त्याचं हृदय चांगलंच दिसणार, त्याला कामाला लावल्याशिवाय ते खरं बोलत नाही, असं त्या म्हणत. हाताने काम करणारी माणसं आणि दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी माणसं यांच्या हृदयात वयापरत्वे काय फरक पडतो, हे त्यांना आकड्यांनिशी मांडायचं होतं.

यंत्राचा पट्टा तुटला होता आणि भार दाखवणारा काटा मोडला होता. विकणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला होता, हे फेका, नवीन घ्या. मी पट्टा केला नवारीचा, पलंगाला लावतात त्या सुती नवारीचा, दुहेरी शिवून. काटा केला पत्र्याचा, आणि त्याच्यावर खुणा पाडल्या खरी वजनं टांगून. दोनच्या खुणेवर काटा असेल तर चाकाच्या कडेला दोन किलो टांगल्यावर चाक हलता कामा नये, आणि वर पावशेर टाकलं की सरकलं पाहिजे. बाईंनी दिवसभर माझी एकेक खूण तपासली. संध्याकाळी म्हणाल्या, "मिस्त्री, उद्यापासून इथेच या."

माझ्याकडे एक काम नेमून दिलं होतं. दर सोमवारी सकाळी, माणसं यायच्या आधी, वजनं टांगून पट्टा बघायचा आणि वहीत तारखेपुढे बरोबरची खूण करायची. चौथी पास माणसाला जमेल असं काम. दोन वर्षं मी ते चोख केलं. आणि चोख करत होतो म्हणूनच मला वाटायला लागलं, हे करायचं कशाला? यंत्र मी बांधलंय. दोन वर्षांत ते सूतभर हललेलं नाही. मला काय कळत नाही का त्याच्या आवाजावरून?

त्या वर्षी खराडीतल्या एका कॉम्प्युटर कंपनीने आपली चाळीसेक माणसं बाईंकडे तपासणीला पाठवायचं कबूल केलं. बाईंना आकडे हवे होते. कंपनीला कागद हवा होता, कारण दिवाळीनंतर त्यांची सिंहगड चढायची शर्यत होती, पायथ्यापासून वरपर्यंत, वेळ लावून. ज्याला बाईंचा कागद तो शर्यतीत. तेव्हा बाईंची सही म्हणजे नुसतं संशोधन राहिलं नव्हतं.

तपासण्या दसऱ्यानंतर सुरू होणार होत्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. माझ्या उस्तादांची शिकवण होती की वर्षातून हा एक दिवस यंत्राचा. त्या दिवशी त्याला राबवायचं नाही आणि तेलात कंजुषी करायची नाही. मी पट्टा काढून ठेवला, चाक पुसलं, आसाच्या बेअरिंगमध्ये तेल घातलं. नेहमी चार थेंब घालतो, त्या दिवशी सढळ हाताने ओतलं. हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. बाईंनीही हात जोडले, पेढा घेतला आणि म्हणाल्या, "हे पूजा झालेलं यंत्र आता खोटं बोलणार नाही ना?"

"यंत्र खोटं बोलत नसतं बाई," मी म्हणालो. "माणसं बोलतात."

दसऱ्याला पट्टा परत चढवला. चाकाची कड रॉकेलने पुसून घेतली, तेवढी अक्कल मला आहे. ब्रेकच्या जागी तेल लागू देऊ नये हे मी शेकडो पोरांना शिकवलंय.

मग ती माणसं यायला लागली. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, पायात पांढरे बूट, आणि तोंडात निम्मं इंग्रजी. पॅडल मारायची, घाम पुसायची, "चिल आहे, काका," म्हणायची. आणि पास व्हायची. एकेक करून सगळी. पहिले काही दिवस बाई खूश होत्या. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. आकडे वहीत मांडून त्या तासन्‌तास बसायच्या. बाजारात पोती वाहणाऱ्या हमालांची हृदयं ज्या भाराला जितकी धडधडत होती, त्या भाराला या बसून राहणाऱ्यांची तितकीही धडधडत नव्हती.

एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "मिस्त्री, सोमवारी वजन लावून बघताय ना?"

मी नव्हतो बघत. दसऱ्यानंतर एकाही सोमवारी वजन टांगलं नव्हतं. वहीत खुणा मात्र करत होतो, सरळ, नीट, एकाखाली एक.

"बाई," मी म्हणालो, "दोन वर्षांत तुम्ही हे मला कधी विचारलं नव्हतं."

"आज विचारतेय."

"वही आहे समोर. माझ्यावर विश्वास नसेल तर दुसरा माणूस बघा."

बाई एवढ्या तिखट, पण त्या दिवशी त्याच वरमल्या. "तसं नाही हो," म्हणाल्या. "माझंच काहीतरी चुकत असणार." आणि परत आकड्यांत डोकं घातलं. मी पाना घेऊन उगाच सीट घट्ट करत बसलो. सीट आधीच घट्ट होती.

त्या चाळिसांत एकजण वयाने मोठा होता. बेचाळिशीचा, कंपनीतला कुणी मॅनेजर. त्याचे वडील पंचेचाळिसाव्या वर्षी ऑफिसच्या जिन्यात गेले होते. फॉर्मवर ते लिहिलेलं असल्यामुळे बाईंनी त्याला शेवटपर्यंत चढवलं, अगदी चारच्या खुणेपर्यंत. त्याची रेघ सरळ राहिली. बाईंनी पट्टी दोनदा वाचली आणि सही केली. तो उतरला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मिस्त्री, पास झालो. आता गडावर पोरांना दाखवतो." मी म्हणालो, "दाखवा साहेब."

शर्यत रविवारी होती. आदल्या शनिवारी सकाळी बाईंनी मार्केट यार्डातला एक हमाल परत बोलावला होता. तो श्रावणात एकदा तपासून गेला होता, आणि तेच हृदय दुसऱ्यांदा तेच आकडे देतं का, हे बाईंना बघायचं होतं. पन्नाशीचा गडी, मानेवर घट्टा. बाई शेजारच्या खोलीत कागद लिहीत होत्या. मी त्याला बसवलं, पाय जरा मोकळे व्हावेत म्हणून काटा दोनवर लावला. त्याने पाच-सात फेरे मारले आणि पाय थांबवून माझ्याकडे बघितलं.

"मिस्त्री, गाडी उताराला लावलीय का काय?"

"का?"

"आरं, ह्याच्यात दम हाय कुठं? मागच्या टायमाला मांड्या भरून आल्या व्हत्या. आज नुसतं वारं घालतंय."

"तुझी ताकद वाढली असेल."

"माझी?" तो हसला. "दिवाळीत आठ दिस तापानं पडून व्हतो. घरातनं संडासला जाताना भिताड धरत व्हतो. ताकद वाढलीया म्हनं!"

मी त्याला चहाला पाठवलं. दार ओढून घेतलं. वजनं कपाटातून काढली, त्यांच्यावर धूळ बसली होती. काटा दोनवर ठेवून चाकाच्या कडेला एक किलो टांगलं.

चाक सरकलं.

परत बघितलं. परत सरकलं. पट्टा सोडवला आणि आतल्या बाजूने अंगठा फिरवला. बाहेरून नवार कोरडी होती, पांढरी. आतून गुळगुळीत झाली होती, चकाकत होती. नाकाला लावली. वास घ्यायचीही गरज नव्हती खरं तर. बेअरिंगमध्ये ओतलेलं तेल चाक फिरेल तसं बाहेर पळतं, आसापासून कडेपर्यंत, रोज थोडं थोडं. हे सायकलवाल्याला कुणी सांगावं लागत नाही. कड मी एकदा पुसली होती, पण नवार रोज तेल पीत होती. काटा पट्ट्याचा ताण दाखवायचा. पट्टा धरतोय की घसरतोय, हे सांगायला फक्त सोमवारचं वजन होतं.

पट्टा हातात घेऊन मी उभा राहिलो. खोलीत दुसरी नवार होती, शिवून ठेवलेली. कड रॉकेलने धुवायला, पट्टा बदलायला दहा मिनिटं लागली असती. हमाल चहा पिऊन येईपर्यंत यंत्र पुन्हा खरं झालं असतं, आणि जुना पट्टा माझ्या पिशवीतून घरी गेला असता. बाईंना कधीच कळलं नसतं. हे मी आज लिहितोय ते नुसतं मनात आलं होतं म्हणून नाही. तसं मी केलंही. निम्मं केलं. रॉकेलचा बोळा हातात घेतला आणि कड पुसायला सुरुवात केली.

पुसता पुसता मला तो मॅनेजर दिसला. चारच्या खुणेवर बसलेला. त्याच्या पायांवर त्या दिवशी चार नव्हतं, दोनही नव्हतं. त्याचं हृदय कामाला लागलंच नव्हतं. आणि उद्या सकाळी सात वाजता तो गड चढायला लागणार होता, पोरांना दाखवायला, माझ्या चारच्या खुणेच्या भरवशावर.

बोळा टाकला. पट्टा घेऊन शेजारच्या खोलीत गेलो आणि बाईंच्या कागदांवर ठेवला. कागदावर तेलाचा डाग पडला.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"पट्ट्याला तेल आहे. खंडेनवमीचं. दोनच्या खुणेवर एक किलोही धरत नाही."

बाईंनी पट्टा उचलला, अंगठा फिरवला. "कधीपासून?"

"सांगता येणार नाही. हळूहळू झालंय."

"सोमवारी वजन लावत होतात?"

"नाही."

"वहीत खुणा आहेत."

"केल्या."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो, माझा स्वभाव तसाच आहे. त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. "महिनाभर मला वाटत होतं, मीच चुकले," म्हणाल्या. "काल मी लिहून टाकलं, बसून राहण्याने काही बिघडत नाही म्हणून. माझ्या हाताने." मग एकदम उभ्या राहिल्या. "तो बेचाळीस वर्षांचा. ज्याचे वडील पंचेचाळिसाव्या वर्षी गेले."

"तेच सांगायला आलोय."

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, परत वाजला. कंपनीत लावला, तर शनिवारी उचलायला कुणी नव्हतं. फॉर्मवर धायरीचा पत्ता होता. बाईंनी वरच्या वॉर्डातल्या एका डॉक्टरांना दुपारी खाली थांबायला सांगितलं आणि गाडीची किल्ली उचलली.

"मिस्त्री, तुम्ही पट्टा बदला."

"बदलतो. पण आधी तुमच्याबरोबर येतो."

"तुम्ही येऊन काय करणार?"

"तुम्ही सांगाल तर त्याला वाटेल, डॉक्टर घाबरवतायत. तेल मी ओतलंय."

सिंहगड रस्त्याला शनिवारची गर्दी. बाईंच्या दुचाकीच्या मागे बसून मी प्रत्येक सिग्नलला घड्याळ बघत होतो, जसं काही तो आत्ताच चढायला निघालाय.

चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. दार त्यानेच उघडलं. हातात नव्या बुटांची नाडी होती.

"अरे मॅडम! तुम्ही? सॉरी, वीकेंडला मी फोन घेत नाही. ऑफिसवाले सोडत नाहीत ना."

बाईंनी उंबऱ्यातच सांगितलं, तपासणी चुकली, उद्या चढू नका, आत्ता परत या.

तो हसला. "मॅडम, सर्टिफिकेटवर तुमचीच सही आहे."

"आहे. म्हणूनच आले."

"बट आय अ‍ॅम फाइन. रोज पाऊण तास चालतो. टीमला मीच तयार केलंय. उद्या मी नाही गेलो तर पोरं हसतील मला."

"हसू द्या," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला सोपं आहे म्हणायला."

मी पुढे झालो. "साहेब, मी मशीनवाला. मशीन मी बिघडवलं. बिघडलंय का ते बघायचं काम माझं होतं, तेही केलं नाही, आणि केलं म्हणून खोटं लिहिलं. बाईंनी सही केली ती माझ्या खोट्यावर."

तो जरा चिडूनच म्हणाला, "आजोबा, हे तुम्ही मला आज सांगताय?"

"मला आज कळलं. एक सांगा. शेवटच्या खुणेला तुमच्या पायांना काय वाटलं?"

त्याने हातातली नाडी बोटाला गुंडाळली. "खरं सांगू? मला वाटलं, इतकंच?"

आतून त्याची बायको बाहेर आली होती. हात पिठाचे. ती आम्हाला काही बोलली नाही, नवऱ्याला म्हणाली, "अहो, परवा लिफ्ट बंद होती तेव्हा तुम्ही तिसऱ्या मजल्यावर थांबला होतात."

"फोन आला होता मला."

"फोन घरी टेबलावर होता. मी बघत होते."

तिने हात धुतले, पर्स घेतली आणि चप्पल घालायला लागली. "चला," म्हणाली. "मी पण येते."

खोलीवर आलो तेव्हा एक वाजून गेला होता. हमाल दारात बसून होता, त्याला बाईंनी परत कधीतरी या म्हणून सांगितलं. मी कड धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. बेअरिंगमधलं जास्तीचं तेल टिपून काढलं. नवी नवार चढवली. मग वजनं टांगली. एक, दोन, तीन, चार. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. पहिल्या दिवसानंतर त्या अशा कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. चारही खुणांना चाकाने वजन धरलं, आणि पावशेर टाकल्यावर सोडलं. पावशेराचं माप माझ्या हातून दोनदा खाली पडलं.

तारा लावल्या. वरचे डॉक्टर येऊन उभे राहिले. बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर. बाई म्हणाल्या, "एक." मी काटा एकवर नेला. तो पॅडल मारत होता, तोंडावर हसू होतं. पट्टी सरकत होती.

"दीड."

हसू गेलं. "आज जड आहे," म्हणाला.

"हे खरं आहे," बाई म्हणाल्या. "छातीत काही वाटतंय?"

"काही नाही. मस्त आहे."

"दोन."

मी दोनवर नेला. मला पट्टी वाचता येत नाही. पण दोन वर्षं रोज बघून सरळ रेघ कशी असते ते मला ठाऊक होतं. प्रत्येक ठोक्यानंतरची रेघ खाली बसायला लागली होती, भार जास्त झाल्यावर दोरी मधे झुकते तशी. बाईंचं बोट पट्टीवरून सरकत होतं. थांबलं. वरचे डॉक्टर वाकले.

"मिस्त्री, सोडा. पूर्ण सोडा."

मी स्क्रू फिरवला. घाईत उलटा फिरला असता तर? तसा विचार मनात आला आणि मी हाताकडे बघून फिरवला.

"पाय थांबवू नका, हळूहळू मारत राहा," बाई त्याला म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता.

"पण मला काही होत नाहीये," तो म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम नाकावर आला होता. "खरंच काही होत नाहीये."

"तेच तर," बाई म्हणाल्या. बायकोने तोंडावर हात घेतला होता.

त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून वर नेलं. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं, रागाने की कशाने ते मला कळलं नाही. संध्याकाळी बाई खाली आल्या. त्या म्हणाल्या, रक्तवाहिनी अरुंद झालीय, औषधं सुरू केलीत, सोमवारी पुढचं ठरवतील. धोका होता, आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे. एवढं सांगून त्या खुर्चीत बसल्या आणि परत फोन उचलला. या वेळी कंपनीतल्या कार्यक्रम बघणाऱ्या मुलीचा घरचा नंबर मिळाला होता. फोनमधला आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"मॅडम, उद्याचा इव्हेंट कॅन्सल नाही होऊ शकत. टी-शर्ट आलेत, ब्रेकफास्ट सांगितलाय. आणि सर्टिफिकेट्स तुम्हीच दिलीत ना सगळ्यांना?"

"ती मी परत घेतेय. एकही खरं नाही."

"मग मेल करा ना तसं, सोमवारी. मी वर फॉरवर्ड करते."

बाईंनी फोन ठेवला. "सोमवारी," म्हणाल्या. "सगळ्यांना सोमवार आवडतो."

तो टोमणा मला होता. मी तो घेतला.

"बाकीची पोरं तरुण आहेत," मी म्हणालो.

"तरुण आहेत म्हणून तपासायचं नसतं तर मी हे सगळं कशाला करत बसले असते? असेल एखादा. नसेलही. मला माहीत नाही, आणि तेच मला सहन होत नाही. सकाळी मी जाते पायथ्याला."

"तुम्ही इथे थांबा. वर तो आहे. मी जातो."

"ते तुमचं ऐकणार नाहीत, मिस्त्री."

"नाही ऐकलं तर रस्त्यात आडवा पडेन. मला ओलांडून जावं लागेल त्यांना."

त्या पहिल्यांदाच जरा हसल्या, पण डोळ्यांनी नाही. "उद्यापासून वहीत खूण मी करणार," म्हणाल्या. "वजन तुम्ही टांगायचं, मी बघायचं."

तीस वर्षांत माझ्या कामावर कुणी दुसऱ्याने खूण केली नव्हती. मी "बरं" म्हणालो. तो शब्द काढायला मला किती वेळ लागला, ते बाईंना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटवरून पहिल्या बसने मी सिंहगडाच्या पायथ्याला उतरलो. थंडी होती. झेंड्याएवढा मोठा कापडी फलक लावला होता आणि केशरी टी-शर्ट घातलेली पोरं उड्या मारून अंग गरम करत होती. कार्यक्रमवाली मुलगी हातात शिटी घेऊन उभी होती. मी वाट सुरू होते तिथे जाऊन उभा राहिलो आणि पाठ गडाकडे केली.

"अरे, हे सायकलवाले काका ना?" एकजण म्हणाला. "काका, तुम्ही पण रनिंगला?"

"मी तुमची तपासणी खोटी केली," मी मोठ्याने म्हणालो. "तुमच्यातला कुणीही पास नाही."

हसले. मग मी त्यांच्या मॅनेजरचं सांगितलं. तो कुठे आहे आणि कोणत्या खुणेला त्याची रेघ खाली बसली, तेही सांगितलं. हसणं थांबलं. मुलगी म्हणाली, "तुम्हाला कोणी ऑथोरिटी दिलीय का?" मी म्हणालो, "नाही. चूक माझी आहे, तेवढी पुरते." पाच-सहाजण मला वळसा घालून वर गेलेच. मी त्यांच्या मागे ओरडलो, एकजण परत आला. बाकीचे घोळका करून उभे राहिले, आपसात इंग्रजीत बोलत.

मी दगडावर बसलो, खिशातली वही आणि पेन्सिल काढली. सगळ्यांना परत तपासायचं होतं, कोण कधी येणार ते लिहून घ्यायचं होतं. माझं अक्षर मोठं आणि हळू. पहिल्या पोराचं नाव लिहायलाच इतका वेळ लागला की दुसरा वाकून म्हणाला, "काका, द्या, मी लिहितो पटापट."

"नको," मी म्हणालो. "मीच लिहिणार. तू नाव सांग."